मोडलेलें चाक आणि कापसाचा हंगाम

सरकी काढण्याच्या कारखान्यांत ऐन हंगामांत एखादें दांतेरी चाक मोडलें, तर नुकसान एकट्या कारखानदाराचें होतें असें समजणें ही मोठी भूल आहे. फाटकाबाहेर गाड्या खोळंबतात, भाडें चढतें, आणि तोंवर भाव उतरला तर तो तोटाही शेतकऱ्याच्याच माथीं बसतो.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा कापूस असाच एका कारखान्याच्या दारांत तीन दिवस पडून होता. मोडलेलें चाक जवळच ओतवून आणलें; पण दुसऱ्याच दिवशीं त्याचे दांत उडाले. चौकशीअंतीं कळलें कीं, झिजलेलें जुनें चाकच नमुना म्हणून मातींत दाबलें होतें. बीड निवतांना फुटामागें सुमारें एक अष्टमांश इंच आकसतें. म्हणून लांकडी नमुना तितका मोठा करावा लागतो व कातण्यापुरती जाडीही ठेवावी लागते. येथें जुनी झीज उतरली आणि वर आकसही पदरांत पडला. दांत सैल बसले, धक्के खाऊं लागले. बीड तर जात्याच ठिसूळ. कारागिराचा हात वाईट नव्हता. त्याच्यापुढें माप नव्हतें.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली. मोजणीचा नकाशा नसला म्हणजे बांध दरसाल सरकतो, हें आम्हांस नित्य दिसे. यंत्राचेंही तसेंच आहे. रुळावर टेकलेली स्थिर सुरी आणि सरकी झटकणारी हलती सुरी यांची मांडणी चुकली, तर सरकी फुटते व तंतू तुटतो. सुरीच्या पोलादास पाणी कमी बसलें तर धार बोथटते, अधिक बसलें तर ती तडकते.

मूळ कारखान्याचा भाग मिळत असतां ही यातायात कशाला, असें कोणी विचारतील. मिळत असेल तर अवश्य घ्यावा. पण जुन्या यंत्राचा भाग वेळेवर मिळेलच याची हमी कोण देतो? १९१४ च्या महायुद्धांत लोखंडाची टंचाई पडली, तेव्हां लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं शाहू महाराजांनीं दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले. अडचणींत हाताशीं असलेली विद्याच कामास येते.

जळगांव व धुळें येथील औद्योगिक वसाहतींत लेथ चालविणारे कुशल हात आहेत. म्हणून सहकारी जिनिंग संस्थांच्या सभासदांनीं वार्षिक सभेंत तीन गोष्टींचा आग्रह धरावा: नव्या, न झिजलेल्या भागांचीं मापें घेऊन नकाशे दप्तरीं ठेवावे, लांकडी नमुने क्रमांक घालून कोरड्या जागीं जपावे, आणि झिजणाऱ्या प्रत्येक भागाची एक जोडी पावसाळ्यांतच करवून, बिलावर धातू व माप लिहवून घ्यावें.

याचा खर्च थोडा आहे. तहान लागल्यावर विहीर खणणाराची फजिती आपण शेतींत ओळखतों. ती कारखान्याच्या दारांतही ओळखावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.