नावे ठेवण्याआधी



'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचा फरक आहे. पहिले बारशाच्या दिवशी होते, कौतुकाने होते. दुसऱ्याला मुहूर्त लागत नाही. आमच्या शाळेच्या मैदानावर ते या सत्रातही झाले. फुटबॉलच्या सामन्यात एका मुलाने रिकाम्या गोलसमोरून चेंडू बाहेर मारला आणि शाळा सुटेपर्यंत त्याला नवे नाव मिळाले. ते नाव आम्ही इथे छापणार नाही. पुढच्या सामन्यासाठी मात्र तो नाव नोंदवायला आलाच नाही. म्हणून आज एका खेळाडूची गोष्ट सांगावीशी वाटते.

सावो मिलोशेविच हा सर्बियाचा आघाडीचा खेळाडू. जन्म १९७३ चा, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील बियेलिना गावचा. हे गाव आज बोस्नियात आहे. बेलग्रेडच्या पार्टिझान संघात त्याने गोलांचा धडाका लावला आणि १९९५ मध्ये इंग्लंडच्या ॲस्टन व्हिला संघाने सुमारे ३५ लाख पौंड मोजून त्याला विकत घेतले. एवढी किंमत दिली की लोक प्रत्येक चेंडूचा हिशेब मागतात. त्याच्याकडून संधी हुकू लागल्या, तेव्हा तिकडच्या लोकांनी त्याच्या आडनावाचीच मोडतोड करून 'मिस-अ-लॉट-एविच' असे नाव पाडले, म्हणजे 'पुष्कळ चुकवणारा'. मार्च १९९६ मध्ये वेम्ब्ली मैदानावर लीग कपच्या अंतिम सामन्यात व्हिलाने लीड्सला ३-० ने हरवले आणि त्यातला पहिला गोल, तोही दुरून मारलेला, याच मिलोशेविचचा होता. तरी ते नाव काही पुसले गेले नाही. गोल विसरले जातात, चिडवण्याचे नाव राहते.

पुढे जानेवारी १९९८ मध्ये ब्लॅकबर्न येथे संघ ५-० ने हरत असताना मिलोशेविच आपल्याच प्रेक्षकांच्या दिशेने थुंकला. ही त्याची चूकच होती आणि आम्ही तिचे समर्थन करणार नाही. क्लबने त्याला विक्रीच्या यादीत टाकले आणि त्याच वर्षी तो स्पेनच्या रेआल सारागोसा संघात गेला.

आता पाहा. पाय तोच, माणूसही तोच. सारागोसासाठी १९९९-२००० च्या हंगामात त्याने लीगमध्ये २१ गोल केले. त्याच उन्हाळ्यात युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत स्लोव्हेनियाविरुद्ध युगोस्लाव्हिया ०-३ ने मागे होता आणि एक खेळाडू बाहेर काढल्यामुळे मैदानावर दहाच जण उरले होते. बदली म्हणून उतरलेल्या मिलोशेविचने दोन गोल केले आणि सामना ३-३ असा सुटला. स्पर्धेत त्याचे एकूण ५ गोल झाले. हॉलंडच्या पॅट्रिक क्लायव्हर्टसह तो सर्वाधिक गोल करणारा ठरला.

आमचे काही पालक म्हणतील, "सर, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. लोकांनी चिडवले म्हणूनच तो तयार झाला." आम्हाला हे पटत नाही. टाकी मूर्तिकाराच्या हातात असते, आणि त्याला मूर्ती घडवायची असते. प्रेक्षकाच्या हातात असतो तो दगड. चिडवल्याने मिलोशेविच सुधारला असता, तर तो इंग्लंडमध्येच सुधारला असता. तिथे त्या सगळ्याचा शेवट ब्लॅकबर्नच्या त्या दिवसात झाला.

याचा अर्थ त्याच्या हातून चुका व्हायच्या थांबल्या असा मुळीच नाही. देशासाठी तो १०२ सामने खेळला आणि ३७ गोल केले. नोव्हेंबर २००८ मध्ये बल्गेरियाविरुद्ध त्याचा निरोपाचा सामना झाला. सर्बिया ६-१ ने जिंकला. त्यात मिलोशेविचने दोन गोल केले आणि दोन पेनल्टी चुकवल्या! शंभर सामने खेळलेल्या माणसाच्या निरोपाच्या दिवसाचा हा हिशेब आहे. मग आमच्या आठवीतल्या मुलाचा हिशेब आम्ही एका चेंडूवर कसा मांडतो?

मार्च २०१९ मध्ये तो आपल्या जुन्या पार्टिझान संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. अडीच महिन्यांत संघाने कट्टर प्रतिस्पर्धी रेड स्टारला १-० ने हरवून सर्बियन कप जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी आली. वोय्वोदिनाविरुद्ध सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि पार्टिझान पेनल्टींवर हरला. २०२० मध्येच त्याला ते पदही सोडावे लागले. ज्याने स्वतः पेनल्टी चुकवल्या होत्या, त्याला आता रेषेबाहेर उभे राहून दुसऱ्यांच्या पेनल्टी पाहाव्या लागल्या. रेषेबाहेरच्या माणसाच्या हाती चेंडू नसतो. एकाचा नेम चुकला तरी पुढच्याला धीर देऊन पाठवणे, एवढेच त्याच्या हाती असते.

शिक्षक आणि पालक यांची जागा नेमकी हीच आहे. आम्हीही याला अपवाद नाही. चुकलेल्या उत्तरावर आमच्याही तोंडून कधी एखादा टोमणा निघून गेला आहे आणि वर्ग हसला आहे. तेव्हा आम्ही विनोद केला असे समजत होतो.

चूक दाखवू नये, असे आम्ही म्हणत नाही. पाय कुठे ठेवायचा, नजर कुठे हवी, हे जरूर सांगा, पुन्हापुन्हा सांगा. ते शिकवणे झाले. नाव पाडणे म्हणजे शिकवणे नव्हे.

म्हणून तीन विनंत्या. विद्यार्थ्यांनो, मैदानावर एकमेकांना आई-वडिलांनी ठेवलेल्या नावानेच हाक मारा. पालकहो, क्रीडा दिनाला अवश्य या, पण कडेला उभे राहून आपल्या किंवा दुसऱ्याच्या मुलाला नावे ठेवू नका. विश्वस्त मंडळींना विनंती अशी की, शाळेची क्रीडा-सामग्री आणि मैदानाचा वेळ केवळ ढाल आणणाऱ्या संघासाठी राखून ठेवू नये. ज्यांचा नेम अजून बसलेला नाही, त्यांना सरावाची गरज जास्त आहे.

त्या मुलाला आम्ही स्वतः भेटलो आहोत. अजून तो 'हो' म्हणालेला नाही. पुढच्या शनिवारी सामना आहे आणि यादीत एक जागा आम्ही रिकामी ठेवली आहे.