पाणी शिकवतं, पण सगळं शिकवत नाही

मच्छीमाराच्या पोराला होडी काय शिकवायची? उजनीच्या फुगवट्यावर प्रशिक्षणाचा विषय निघाला की इंदापूर तालुक्यात पहिलं उत्तर हेच येतं. पोरगं चालायच्या आधी पोहतं, वल्हं हातात बसलेलं असतं, पाण्याचा अंदाज असतो. मग शहरातून कुणीतरी गळ्यात शिट्टी अडकवून यायचं आणि दाखला द्यायचा, तो कशासाठी? या म्हणण्यात बळ आहे. ते खोडायचं तर आधी नीट समजून घ्यायला हवं.

उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या आसपास आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. मे २०२४ मध्ये धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. पाणी इतकं उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे वर येतात. खरा धोका त्याच्या आधीच्या दिवसांत असतो, कारण तेव्हा हेच सगळं पाण्याखाली वीतभर दडलेलं असतं. कुंभारगावचा नावाडी पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवायला नेतो तेव्हा वाटेत काही कारण दिसत नसताना होडी वळवतो, लांबचा फेरा घेतो. त्याला ठाऊक असतं की सरळ गेलो तर तळ भिंतीला घासेल. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही आणि बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाकडे तर नाहीच. अनुभवाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो.

मात्र त्याच दमात ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा दाखला देतात, आणि तिथे माझा विरोध सुरू होतो. उजनी धरण पुरं झालं १९८० साली. त्याआधी इथे भीमा होती, दोन काठांच्या आत वाहणारी. आज्यानं ती नदी ओळखली होती. तिचा प्रवाह, तिचे डोह, तिचा उतार त्याला पाठ होते. नातू ज्या पाण्यावर होडी घालतो ते वेगळं आहे. उघड्या पाण्यावरून वारा जितका लांबून येतो तितकी लाट मोठी होते. नदीच्या पात्रात वाऱ्याला ती धाव मिळतच नव्हती. फुगवट्यावर ती काही किलोमीटर मिळते. वळवाच्या दिवसांत ढगातून गार हवा खाली कोसळते आणि पावसाच्याही आधी पाण्यावर पसरते. वाऱ्याची दिशा काही मिनिटांत फिरते. या पाण्याचा अनुभव जेमतेम दोन पिढ्यांचा आहे. त्याला परंपरेचं वजन देणं म्हणजे आज्याच्या नावावर नातवाचा जीव टांगणं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अनुभव शिकवतो ते रोज घडणारं. दहा वर्षांत एकदा घडणारं तो शिकवत नाही, कारण पहिल्याच धड्याला माणूस जातो. ३० एप्रिल २०१७ ला अजोतीजवळ सहलीला आलेल्या डॉक्टरांची होडी उलटली आणि चौघे बुडाले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून आपल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात बुडाली. सहा जण गेले, त्यात लहान लेकरं होती. एक जण पोहून काठाला लागला. तेव्हापासून मी ऐकतो आहे की बघा, पोहणारा वाचला, म्हणजे पोहता आलं की झालं. ज्या बोटीत कडेवरचं मूल बसतं, तिच्याबाबत हे बोलायला जीभ कशी रेटते?

मासेमारी आणि उतारू नेणं ही एकच विद्या आहे, या समजातच खोट आहे. जाळं घाबरून उभं राहत नाही. माणसं राहतात. लाट आत आली की सगळी एका बाजूला सरकतात. तळाशी घोटाभर साचलेलं पाणीही त्याच बाजूला धावतं आणि खाली गेलेली कड आणखी खाली जाते. अशा वेळी होडीचं तोंड लाटेकडे ठेवायचं, माणसांना तळाशी बसवायचं, पाणी उपसायला एकाला लावायचं, हे सगळं काही क्षणांत करावं लागतं. एकट्यानं जाळी टाकत उभं आयुष्य गेलं तरी हे हाताला लागत नाही, कारण त्याची वेळच कधी आलेली नसते.

कोकणातल्या तांडेलाचं, म्हणजे मासेमारी नौकेच्या म्होरक्याचं, उदाहरण इथे हमखास पुढे येतं. तो कुठे शाळेत गेला होता? गेला होता. त्याची नौका हीच शाळा होती. पोरगं स्वयंपाकाला आणि पाणी उपसायला लागायचं, मग दोर, मग जाळं, मग सुकाणू, आणि प्रत्येक पायरीला वरचा माणूस पाहत असायचा. उजनीवर ही उतरंड नाही. होडीत एक नाहीतर दोघं, आणि पोरगं लवकरच एकटं पाण्यात. समुद्राचा दाखला देऊन उजनीवरची मोकळीक पटवता येत नाही.

दिलीप दोंदे यांचंही नाव घेतलं जातं. गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या ‘म्हादेई’वरून १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकट्यानं निघून मे २०१० मध्ये ते पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. पण निघण्याआधी हा नौदल अधिकारी इंग्लंडला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकायला गेला होता. ज्यानं स्वतः १९६९ साली न थांबता एकट्यानं जगप्रदक्षिणा पुरी केली, त्याच्याकडे.

दाखलेवाल्यांचीही मी गय करणार नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं १९१७ चा जुना कायदा हटवला. यांत्रिक बोटीला नोंदणी आणि तपासणी, चालकाला पात्रतेचा दाखला, हे सारं त्यात आहे. ते हवंच. पण लेखी परीक्षा, शिक्का, फाईल बंद असं झालं तर ती पाण्यावरच्या माणसाची फसवणूक ठरेल. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. शिकलेल्या माणसांच्या हातूनही ताबा सुटतो. म्हणून उतारूच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, चालक कितीही तयार असो.

मग शिकवायचं काय? छोटी शिडाची होडी शिकवा. कारण साधं आहे. इंजिन चालू असेपर्यंत वाऱ्याकडे लक्ष दिलं नाही तरी चालतं, आणि इंजिन बंद पडलं की तोच वारा बोट आडवी करतो. शीड हातात असलं की वारा कुठून येतोय हे क्षणभरही विसरता येत नाही. चांगल्या वर्गात पहिल्याच दिवसांत होडी मुद्दाम उलटी करतात. मूल पाण्यात पडतं, होडी धरून राहतं, बुडाच्या पात्यावर उभं राहून अंगाच्या वजनानं ती सरळ करतं, पुन्हा चढतं. या होड्यांत हवेच्या बंद टाक्या असतात, त्यामुळे त्या तळाला जात नाहीत. शांत पाण्यात, शेजारी बचावाची बोट उभी असताना, मुलाला तो धडा मिळतो जो अनुभवातून घ्यायला गेलं तर जीव जातो.

हे चोचले समुद्रकाठच्या श्रीमंतांचे, असं कुणी म्हणू नये. हैदराबादच्या हुसेनसागरावर गरीब वस्तीतली मुलं शीड शिकून राष्ट्रीय स्पर्धा जिंकतात. भोपाळच्या तलावावर शिकलेल्या हर्षिता तोमरनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणलं. आपल्या दत्तू भोकनळचं तळेगाव रोही हे चांदवड तालुक्यातलं दुष्काळी गाव. सैन्यात गेल्यावर त्यानं पहिल्यांदा वल्हं धरलं, पुण्यात शिकला आणि २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. ही सगळी दख्खनची आणि मध्य भारताची, समुद्रापासून दूरची माणसं. उजनीकाठी तर पाण्याची भीती नसलेली मुलं जन्मालाच येतात.

आणि बारामतीकरांना शिक्षण विरुद्ध अनुभव हा वाद नवा वाटू नये. बापजाद्यांपासून ऊस लावणारा शेतकरी शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात जातो, माती तपासून घेतो, पाण्याचा नि खताचा हिशेब शिकतो. तिथे कुणी म्हणत नाही की शेतकऱ्याच्या पोराला ऊस काय शिकवायचा.

फुगवट्यावरचा शिरसोडी-कुगाव पूल होऊन बोटीनं पलीकडे जाणं संपलं तरी मासेमारी थांबणार नाही, रोहित पाहायला येणारे थांबणार नाहीत. म्हणून मागणी स्पष्ट आहे. दिवाळीनंतर धरण भरलेलं आणि वारा मवाळ असतो, तेव्हा कुंभारगावला आणि कळाशीला वर्ग सुरू करावेत. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात नौकानयनाची जाण असलेली माणसं आहेत, त्यांच्यातले निवृत्त बोलवावेत. त्यांच्या शेजारी काठावरचे जुने मच्छीमार शिक्षक म्हणून उभे करावेत, बुडालेल्या भिंती त्यांच्याकडूनच नकाशावर उतरवून घ्याव्यात, आणि दोघांचं मानधन एकच ठेवावं.