कंपनीची पहाणी

शेतजमिनीचा व्यवहार ठरला की आपल्या भागातील निरक्षर माणूसही आधी पहाणी मागतो. महाराष्ट्रातील आपले आप्तजन जिला सातबारा म्हणतात, तीच ही. जमीन कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती, बँकेचा वा सोसायटीचा बोजा आहे काय, हे सारे तीवरून कळते. परंतु पुढल्या साली तूर किती पिकेल व कलबुर्गीच्या अडत बाजारात तिला काय भाव मिळेल, हे पहाणीवरून सांगणारा शहाणा भालकीत वा आळंदमध्ये अद्याप निपजलेला नाही.

हा दृष्टांत सुचण्यास एक निमित्त घडले. नुकतेच सेवानिवृत्त झालेले एक शिक्षकबंधू मला म्हणाले, "ग्रॅच्युइटीची रक्कम वीज कंपनीच्या शेअरमध्ये घालावी म्हणतो. गेल्या तिमाहीत परदेशी संस्थांनी त्यातील हिस्सा वाढविला, असा मोबाइलवर संदेश आला आहे. एवढ्या मोठ्या संस्था काही ठाऊक असल्यावाचून का घेतील? तुम्हीच सांगा." उभ्या आयुष्याच्या नोकरीची ती पुंजी. तेव्हा हा प्रश्न नीट तपासून पाहणे अगत्याचे वाटले.

शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला दर तिमाही संपल्यापासून २१ दिवसांच्या आत आपल्या भागधारकांचे विवरण बाजाराकडे सादर करावे लागते. प्रवर्तकांकडे किती टक्के, म्युच्युअल फंडांकडे किती, विमा कंपन्यांकडे किती, परदेशी संस्थांकडे किती आणि तुमच्याआमच्यासारख्या किरकोळ लोकांकडे किती, हे त्यात असते. एक टक्का वा अधिक भाग असणाऱ्यांची नावेही असतात. प्रवर्तकांनी आपले भाग तारण ठेवले असल्यास तेही नमूद करावे लागते. सारांश, ही कंपनीची पहाणीच होय. बोजासुद्धा सुटलेला नाही.

आता उदाहरण घेऊ. आपल्या घरी वीज पुरविणारी जेस्कॉम ही राज्य सरकारच्या मालकीची कंपनी आहे. तिचे भाग बाजारात मिळत नाहीत. परंतु शेजारच्या विजयपूर जिल्ह्यात कुडगी येथे २४०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र चालविणाऱ्या एन.टी.पी.सी.चे भाग मिळतात. १९७५ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची कंपनी नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आली. तिच्या विवरणात प्रवर्तक म्हणून 'भारताचे राष्ट्रपती' असे नाव येते. आरंभी सरकारचा हिस्सा ८९.५ टक्के होता. फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने ५ टक्के विकले, फेब्रुवारी २०१३ मध्ये आणखी ९.५ टक्के विकले व हिस्सा ७५ टक्क्यांवर आला. पुढेही टप्प्याटप्प्याने विक्री होत आज तो ५१ टक्क्यांच्या किंचित वर आहे.

सरकारने विकलेले हे भाग बव्हंशी संस्थांनीच घेतले. म्हणजे त्या त्या तिमाहीच्या विवरणात संस्थांचा हिस्सा एकदम फुगलेला दिसणार. यावरून कंपनीचे दिवस पालटले असा निष्कर्ष काढावा काय? कुडगीचा वा रामगुंडमचा बॉयलर त्या दिवशी अधिक पेटला नव्हता. सरकारला तिजोरीसाठी पैसा हवा होता, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा चकवा संख्येचा. मार्च २०१९ मध्ये याच कंपनीने दर पाच भागांमागे एक भाग बक्षीस दिला. एका पैशाची खरेदी न करता प्रत्येक संस्थेजवळील भाग एकपंचमांशाने वाढले. टक्केवारी मात्र जागच्या जागी राहिली. तिसरा चकवा निर्देशांकाचा. काही फंड निर्देशांकाच्या यादीत जे असेल ते, ज्या प्रमाणात असेल त्या प्रमाणात घेतात. त्या खरेदीमागे कंपनीविषयीचे मत असे काही नसते. शिवाय, विवरण असते तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचे आणि आपल्या हाती पडते काही आठवड्यांनी. तोवर त्या संस्थेने भाग विकलेही असतील. आणि ज्या तिमाहीत परदेशी संस्थांनी घेतले, त्या तिमाहीत तेवढेच भाग कोणीतरी विकलेही आहेत. तो विकणारा अडाणीच होता, असे कशावरून?

मग मोठ्या संस्थांना वीज कंपन्या का रुचतात? औष्णिक केंद्रांच्या विजेचा दर केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवितो आणि कंपनीच्या भांडवलावर १५.५ टक्के परतावा त्यात धरतो. उत्पन्न बेताचे, पण बहुधा नियमित. विमा व निवृत्तिवेतनाचा पैसा दीर्घ मुदतीचा असल्याने त्यांना ते मानवते. साठी गाठलेल्या, मुलीचे लग्न व घराची डागडुजी समोर असलेल्या माणसाची मुदत तेवढी लांब असेलच असे नाही.

आणि या 'संस्था' म्हणजे तरी कोण? आयुर्विमा महामंडळात आपणच हप्ते भरले. १ एप्रिल २००६ नंतर कर्नाटकात सेवेत आलेल्या तरुण शिक्षकांच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यातून दरमहा १० टक्के कापले जातात. त्यांतील काही अंश शेअर बाजारातही जातो. तेव्हा संस्थांच्या मागे धावणारा गृहस्थ पुष्कळदा आपल्याच हप्त्यांच्या मागे धावत असतो.

विवरण पाहूच नये, असे माझे म्हणणे नाही. अवश्य पाहावे, पण एका तिमाहीचे नव्हे, निदान आठ-दहा तिमाहींचे सलग. प्रवर्तकांचे तारण वाढत आहे काय, हे आधी पाहावे. हिस्सा बदलला असल्यास कोणी विकले व कशासाठी, हे शोधावे. त्या बंधूंना मी एवढेच सुचविले की, रकमेचा मोठा भाग पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवावा. आणि पाच-सात वर्षे ज्याविना अडणार नाही, तेवढ्याचाच विचार शेअरसाठी करावा. पहाणी पाहून जमीन कोणाची हे कळते. ती आपल्याला कसता येईल काय, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.