साखर खाली गेली की गोडच आठवतं

जुलैच्या मध्यावर नागपूरच्या एम्सचं नाव देशभर गाजलं, ते कुठल्या शस्त्रक्रियेमुळे नव्हे, तर समोशामुळे. तिथल्या कॅन्टीनमध्ये समोसा, जिलेबी अशा पदार्थांच्या शेजारी त्यात तेल किती, साखर किती हे सांगणारे फलक लागणार, अशी बातमी आली. काही वाहिन्यांनी तर समोशावर आता सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा येणार, असंच सांगून टाकलं. शेवटी १५ जुलैला केंद्र सरकारला खुलासा करावा लागला. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापायला कोणी सांगितलेलं नाही. कामाच्या ठिकाणी लोकांना आठवण राहावी म्हणून तेल आणि साखरेचे फलक लावा, एवढंच आरोग्य मंत्रालयाच्या २१ जूनच्या पत्रात होतं.

फलकाला माझा विरोध नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शेगावची कचोरी आणि आलूबोंडा आमच्या वऱ्हाडातही कमी खपत नाही. पण फलक लावून जे साधतं आणि जे साधत नाही, त्यातला फरक मला श्रावणाच्या पहिल्याच सोमवारी, २८ जुलैला, नीट कळला.

दुपारी एकच्या सुमारास पातूरकडच्या एका खेड्यातून चार बाया एका बाईला ऑटोत घालून घेऊन आल्या. पन्नाशीच्या आतबाहेरची शेतमजूर. नऊ वर्षांपासून शुगर. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते, बोलणं जड. ग्लुकोमीटरवर साखर ४८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती उठून बसली. मग हकिगत कळली. सोमवारचा उपवास होता. सकाळी गोळ्या घेतल्या, पोटात चहाशिवाय काही नाही, आणि आठ वाजता सोयाबीनच्या निंदणाला गेली. अकराच्या सुमारास गोड खाण्याची विलक्षण इच्छा झाली. शेजारणीनं गुळाचा खडा पुढे केला, तो हिनं परत केला. "सायेबानं गोड बंद सांगतलं ना. मले वाटलं, जीभच चटोर झाली."

ते सांगणारा साहेब मीच. तिच्या केसपेपरवर माझ्या अक्षरात 'गोड बंद' असं लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून.

त्या दिवशी तिची जीभ चटोर झालेली नव्हती. ती मेंदूची हाक होती. मेंदूला सतत ग्लुकोज लागतं. रक्तातली साखर ७० च्या खाली घसरली की शरीर अॅड्रेनलिन सोडतं. त्यानं छाती धडधडते, घाम येतो, हात कापतात, आणि भूक लागते, तीही बहुतेकदा गोडाची. मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्यांनी असं होत नाही. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर सहसा इतकी उतरत नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तेच. त्यात उपवास, त्यात वावरातलं काम. साखर खाली जाणारच.

म्हणून माझ्या रुग्णांना मी आता पहिली गोष्ट ही सांगतो. अचानक गोड खावंसं वाटलं आणि सोबत घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चिडचिड असेल, तर त्याला मोह समजू नका. तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घोळून प्या, किंवा तेवढाच गूळ खा. पंधरा मिनिटं थांबा. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच घ्या, आणि नंतर भाकर-भाजी किंवा उपवासाचं काहीतरी पोटभर खा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही. १०८ ला फोन करायचा. घामाशिवाय, थरथरीशिवाय, चारच्या चहाबरोबर बिस्किटाचा पुडा आठवतो, ती ओढ वेगळी. गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यानं पहिल्यांदा साखर तपासून बघावी, यंत्र नसेल तर लक्षणं बघावीत, आणि शंका असेल तर साखर खाल्लेली बरी. जास्त झालेली साखर दोन तासांत उतरवता येते. ४८ वर पडून राहिलेल्या माणसाला तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

आता त्या चारच्या ओढीबद्दल. लोक तिला मनाचा कमकुवतपणा म्हणतात, रुग्ण स्वतःही म्हणतात. पण इथेही शरीराचा हात मोठा आहे. २०२१ मध्ये 'नेचर मेटाबॉलिझम'मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या हजारावर लोकांचा अभ्यास आला. नाश्त्यानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर जास्त घसरते, त्यांना भूक लवकर लागते आणि ते दिवसभरात सुमारे ३०० कॅलरी जास्त खातात, असं त्यात दिसलं. पोह्यांची किंवा साबुदाण्याची भरलेली प्लेट साखर झपकन वर नेते, आणि तशीच खाली आणते. अपुरी झोप हे दुसरं कारण. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन वाढलं, आणि त्यांना गोड-खारटाचीच जास्त इच्छा झाली. ओलिताच्या हंगामात रात्रीची वीज येते म्हणून मोटर सुरू करायला उठणाऱ्या शेतकऱ्यांची साखर का हलत नाही, याचं एक उत्तर इथे आहे. फलक वाचून ते उत्तर बदलत नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन कमी करण्याची इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून शहरातल्या डॉक्टरांकडे त्यांचीच चर्चा आहे. पेशंट सांगतात, की डोक्यात सतत चाललेला खाण्याचा विचारच थांबला. आतड्यातल्या एका हार्मोनसारखं काम करणाऱ्या औषधानं जी ओढ शमते, तिला निव्वळ हावरटपणा कसं म्हणायचं? पण २०२५ मध्ये महिन्याचा खर्च १४ हजारांच्या पुढे होता, आणि सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, असं त्याच्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं आहे. सेमाग्लुटाइडचं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं होतं. निंदणाला जाणाऱ्या बाईपर्यंत किंमत कधी उतरेल, हे सांगता येत नाही.

तोवर ताटातच काय करता येतं ते बघू. उपवास सोडा, असं मी कोणाला सांगत नाही. सांगून कोणी सोडतही नाही. गोळी मात्र सोडतात, तीही मला न विचारता, आणि तेही तितकंच वाईट. उपवास धरायचा असेल तर आदल्या आठवड्यात येऊन गोळीची वेळ आणि मात्रा बदलून घ्या. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास करूच नये. फराळात साबुदाण्याची उसळ नको. तो जवळपास निव्वळ स्टार्च आहे, आणि वरून बटाटा म्हणजे स्टार्चवर स्टार्च. त्यापेक्षा वाटीभर भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडी आणि ताक हा फराळ साखर हळू चढवतो. राजगिऱ्याची भाकरही चांगली. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांचं वेगळं आहे, त्यांनी बटाटा, केळी, दाणे यांचं विचारूनच ठरवावं.

एरवीच्या दिवशीही ताटातला क्रम बदलून बघा: आधी काकडी-टोमॅटो आणि भाजी, मग वरण किंवा झुणका, शेवटी भाकर. न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या अभ्यासात तेच जेवण या क्रमानं खाल्ल्यावर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. यात खर्च शून्य आहे. आणि कचोरी? आठवड्यातून एक, ठरलेल्या वारी, जेवणानंतर, घरात पुडा न आणता. 'कधीच नाही' असं वचन देणारे माझे बहुतेक रुग्ण महिनाभरात एका बैठकीत चार खाऊन येतात.

दोनच वेळा जेवायची पद्धतही आपल्याकडे घरोघरी आहे. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार व्याख्यानांतून ती सांगत, पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती महाराष्ट्रभर नेली. मधल्या वेळचं खाणं बंद झाल्यानं काहींना तिचा फायदा होतो, हे मी पाहिलं आहे. पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना यूट्यूब बघून ती सुरू करणं म्हणजे रोजचाच श्रावण सोमवार.

आता चालण्याचं. ओपीडीत दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, "दिवसभर वावरात राबतो, आनखी काय व्यायाम?" दुसरे मोबाइल दाखवतात: काल १० हजार पावलं झाली नाहीत म्हणून आज गेलोच नाही. दहा हजारांचा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो होता. २३ जुलैला 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये सिडनी विद्यापीठाच्या गटानं अनेक देशांतल्या अभ्यासांची गोळाबेरीज मांडली. रोज २ हजार पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ७ हजार चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४७ टक्के कमी आढळला, आणि त्यापुढे फायदा फारसा वाढत गेला नाही. हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. जे आधीच आजारी ते कमी चालतात, हा भाग त्यात राहतोच. तरी माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की २ हजारांवरून ४ हजारांवर जाणाऱ्यालाही लाभ दिसला. गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी हीच खरी बातमी आहे.

वावरातल्या कामाला मी कमी लेखत नाही. पण निंदण बसून होतं, फवारणी आणि ट्रॅक्टर वाढले आहेत, आणि वर्षातले कितीतरी महिने काम नसतं. शिवाय मधुमेहात चालण्याची वेळ महत्त्वाची. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात मधुमेहींना एकदा दिवसात कधीही ३० मिनिटं आणि एकदा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालवलं. दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. रात्री जेवून अंगणात किंवा पावसात घरातल्या घरात दहा मिनिटं, यासाठी बूटही लागत नाहीत. आणि चालण्यानं ओढही ओसरते: इंग्लंडमध्ये एक्सेटरला रोज चॉकलेट खाणाऱ्यांना तीन दिवस ते बंद केलं, त्यांची इच्छा पंधरा मिनिटं भरभर चालल्यावर कमी झाली. कचोरी 'जिरवायला' चालण्याचा हिशेब सोडून द्या, तो कधी जुळत नाही. चार वाजता ओढ आली की उठून चाला, हा उपयोग जास्त.

गुडघेदुखी असेल तर रेणुकामातेच्या टेकडीच्या पायऱ्या सध्या नकोत. सपाट रस्ता, आणि खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून दहा आकडे धरणं, दिवसातून दोनदा. बीपी १८० च्या वर असताना जोराचा व्यायाम नाही. छातीत दडपण किंवा दम लागला तर थांबून तपासून घ्यायचं.

श्रावणातला शेवटचा सोमवार २०२५ मध्ये १८ ऑगस्टला होता. या सोमवारी गांधीग्रामला पूर्णेचं पाणी घेऊन हजारो कावडधारी रात्रभर चालत अकोल्याला राजराजेश्वराच्या मंदिरात येतात. अंतर सुमारे १८ किलोमीटर, बहुतेक अनवाणी, बरेच उपाशी. त्यात शुगरचे रुग्ण दरवर्षी असतात, आणि त्यानंतरच्या आठवड्यात पायाच्या जखमा आमच्याकडे येतात. पायाला मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटली तरी कळत नसेल, तर तुमच्या पायाला खडाही कळणार नाही. तुम्ही अनवाणी चालू नका. देवाला तुमच्या पायातल्या चपलेचं वावडं असेल असं मला वाटत नाही, पण ते तुम्ही आणि तो बघा. मऊ एमसीआर चप्पल, कोरडे मोजे, आणि घरी आल्यावर दिव्याखाली दोन्ही तळवे कोणाकडून तरी बघून घ्यायचे. खिशात साखरेची पुडी, आणि सोबतच्या दोघांना आपल्याला शुगर आहे हे माहीत हवं.

त्या बाईची सकाळची ग्लिमेपिराइड आता बंद केली आहे. दुसऱ्या सोमवारी तिनं निंदणाला जाण्याआधी भगर आणि ताक घेतलं. दुपारी साखर १३२ होती. केसपेपरवरचं 'गोड बंद' मी खोडलं आणि त्याखाली साखर खाली गेल्याची लक्षणं लिहिली. तिला वाचता येत नाही, म्हणून शेजारणीला ती दोनदा म्हणून दाखवायला लावली.