तपकिरीची चिनी कुपी

गेल्या महिन्यात, येथील जनावरांच्या बाजाराच्या दिवशी, आमचा एक जुना विद्यार्थी रुमालात गुंडाळलेली हिरवी कुपी घेऊन आमच्या ओट्यावर आला. "गुरुजी, ही चिनी यशबाची तपकिरीची कुपी. वडिलांनी मुंबईहून आणलेली. नगरचे एक गृहस्थ घ्यावयास तयार आहेत; परंतु ती अस्सल असल्याबद्दल आपल्या हातच्या दोन ओळी त्यांस हव्यात," असे तो म्हणाला. मुलीची कॉलेजची फी भरावयाची होती.

आम्ही तीस वर्षे तपकीर ओढली हे गावास ठाऊक आहे. आमच्या उपरण्याचा रंगच ते सांगत असे. परंतु तेवढ्याने कोणी रत्नपारखी होत नाही.

तपकिरीचा नाद चीनमध्ये परकीयांनीच नेला. छिंग राजवटीत (१६४४–१९११) ती औषधी मानून दरबारी मंडळी ओढू लागली. आपल्यासारखी डबी तेथे रुळली नाही. दमट हवेत तपकीर सर्दू नये म्हणून त्यांनी औषधाची लहान बाटलीच पत्करली. घट्ट बूच, आणि बुचास जोडलेला इवलासा चमचा. यशब पोलादी हत्याराने कोरला जात नाही. त्याहून कठीण वाळूने, पाणी घालीत, तो झिजवावा लागतो. चिंचोळ्या तोंडातून वाकडे हत्यार घालून खांद्याखालपर्यंत पोट पोखरणे, ही तर कारागिराची खरी तपश्चर्या! १७५९ साली चिएनलुंग बादशहाने खोतानचा मुलूख जिंकला, तेव्हापासून हा दगड विपुल येऊ लागला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी वस्तू आहेत, त्या वाचकांनी सवडीने अवश्य पाहाव्यात.

म्हैस घेणारा आधी तिचे दात पाहतो. आम्ही वाकविलेली तार कुपीत घातली. ती आत फिरेचना. पोट पोखरलेले नव्हते, नुसते सरळ भोक होते. मग त्याच्या अनुमतीने बुडाशी चाकूचे टोक ओढले. पांढरी रेघ उठली, ती पुसूनही जाईना. दगड मऊ, यशब नव्हे.

"नुसते 'जुनी वस्तू' एवढेच लिहा, गुरुजी." तेही आमच्याने लिहवेना. फीपैकी काही रक्कम आम्ही देऊ केली. ती त्याने घेतली नाही, चहाही न घेता उठला.

कुपी अद्याप विकलेली नाही, असे कळते. तो रस्त्यात भेटतो, नमस्कारही करतो. पण पूर्वीसारखा थांबत नाही.