तसबीर, छायाचित्र आणि नकार : क्षेत्रीय अभ्यासातील एक प्रश्न

मराठी घरात भिंतीवर लावलेल्या देवाच्या चौकटबंद चित्राला ‘तसबीर’ म्हणतात. हा शब्द मूळ अरबी ‘तस्वीर’ असून तो फारसीच्या द्वारे मराठीत आला. इस्लामी धर्मशास्त्रात आकृती घडविण्याच्या ज्या कृतीविषयी शतकानुशतके वाद चालत आला, तिचे नावही हेच आहे. एका परंपरेत जो शब्द निषेधाच्या चर्चेचा विषय ठरला, तोच दुसऱ्या परंपरेत पूज्य वस्तूचे नाव व्हावा, ही भाषेच्या प्रवासातील लक्षणीय घटना होय. मराठी अभ्यासकांनी तिच्याकडे केवळ व्युत्पत्तीची गंमत म्हणून पाहू नये.

तळेरे हे कणकवली तालुक्यातील गाव मुंबई–गोवा महामार्गावर वसले आहे. तेथून एक वाट विजयदुर्गाकडे, तर दुसरी गगनबावड्यामार्गे कोल्हापूरकडे जाते. उत्तरेस खारेपाटण हे खाडीकाठचे जुने बंदर आहे. शिलाहार रट्टराजाचा शके 930 (इ. स. 1008) चा ताम्रपट तेथेच सापडला. या किनारपट्टीवर कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी आहे. लोकगीते, लग्नविधी आणि बोली यांचा अभ्यास करण्यासाठी विद्यापीठीय संशोधक अशा परिसरात जातात, तेव्हा वहीबरोबर कॅमेराही नेतात. अशा वेळी एखादी वृद्ध स्त्री गाणे म्हणावयास राजी होते, परंतु ‘फोटो नको’ असे सांगते. हा नकार संशोधनाच्या नोंदीत कसा उतरतो? बहुधा उतरतच नाही. आणि उतरलाच, तर ‘धार्मिक पगड्यामुळे’ एवढ्या दोन शब्दांत त्याची वासलात लावली जाते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या दोन शब्दांना आहे.

कुराणात चित्रकलेचा स्पष्ट निषेध आढळत नाही. निषेधाचा आधार मुख्यतः हदीस वाङ्मयात आहे. आकृती घडविणाऱ्यास अंतिम न्यायाच्या दिवशी तिच्यात प्राण फुंकण्यास सांगितले जाईल, अशा आशयाची वचने तेथे येतात. ‘मुसव्विर’, म्हणजे रूप देणारा, हे ईश्वराचेच एक नाव असल्याने सजीवाची आकृती करणे म्हणजे त्याच्या कर्तृत्वाशी स्पर्धा करणे, असा या विचाराचा गाभा आहे. म्हणूनच झाडे, वेली, इमारती यांच्या चित्रणाला बाध येत नाही. दुसरीकडे, हजरत आयेशा बाहुल्यांशी खेळत असत, हेही हदीसमध्येच नमूद आहे. या सामग्रीतून शास्त्रकारांनी भिन्न निष्कर्ष काढले. मालिकी पंथातील अनेकांनी निषेध मुख्यतः सावली पडणाऱ्या घन आकृतींपुरता मानला. शाफई पंथाचे थोर भाष्यकार इमाम नववी (मृत्यू 1277) यांनी मात्र सावली पडो वा न पडो, सजीवाची आकृती करणे निषिद्धच ठरविले. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. तेव्हा त्या वृद्धेच्या नकारामागे, तिला नावानिशी ठाऊक असो वा नसो, एक सुसंगत विचारपरंपरा उभी आहे. तिला अज्ञान म्हणणे हेच अज्ञानाचे लक्षण होय.

परंतु परंपरा तेथे थांबली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी चित्रांचा कैवार घेतला. अरबांनी जपलेले काव्य आणि युरोपीयांनी जपलेली चित्रे ही एकाच जातीची संपत्ती आहे, असा त्यांचा युक्तिवाद साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य लक्षात ठेवावा असा आहे. पुढे त्याच पदावर आलेले मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी छायाचित्रण हे घडविणे नसून सावली अडवून ठेवणे आहे, असे प्रतिपादन केले. अनेक धर्मपंडितांनी हा भेद अमान्य केला. यंत्राने केले तरी करणे ते करणेच, असे त्यांचे म्हणणे. विलक्षण गोष्ट अशी की, मराठीने ‘छायाचित्र’ हा शब्द घडविताना या वादाचे दोन्ही पक्ष नकळत एकाच समासात बसविले: ‘छाया’ ही बखीत यांची बाजू, ‘चित्र’ ही त्यांच्या विरोधकांची.

दख्खनचा इतिहासही ‘इस्लाम म्हणजे प्रतिमाशून्यता’ या समजुतीस दुजोरा देत नाही. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतिपर ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या काव्याचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. त्यात राजाबरोबर राणी खुंजा हुमायून हिचेही चित्रण होते. पुढे बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसली गेली. 1569 मध्ये तिच्या पुत्रानेच तिला कैदेत टाकले, हे ध्यानी घेता या पुसण्यामागे शास्त्राज्ञेपेक्षा सत्तासंघर्ष असावा, असे मानणेच सयुक्तिक ठरते. छत्रपती शिवाजी महाराजांचे मनुचीच्या संग्रहातील प्रसिद्ध अश्वारूढ चित्र मीर मुहम्मद या चित्रकाराने काढले. ‘मूर्तिभंजक’ या एका विशेषणात हा सारा व्यवहार कोंबता येत नाही.

आजच्या कोकणी घरात तर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला आहे. आखाती देशांत वा आफ्रिकेत नोकरीला जाणाऱ्यास पारपत्र हवे, हजला जाणाऱ्यासही हवे, आणि पारपत्राला छायाचित्र हवे. 1993 पासून मतदार ओळखपत्रावरही ते आले. मतदारयादीत पडदानशीन स्त्रियांची छायाचित्रे नसावीत, ही मागणी मद्रास उच्च न्यायालयाने 2006 मध्ये फेटाळली. अशा रीतीने भिंतीवर न लागणारा चेहरा पेटीतल्या कागदपत्रांत असतो. यात ढोंग नाही. गरजेपुरती सवलत घेणे आणि प्रतिष्ठेसाठी प्रतिमा मांडणे यांतील भेद शास्त्रानेही जाणला आहे. अभ्यासकाने मग एवढे तरी विचारावे की नकार कशाला आहे: छायाचित्र काढण्यास, छापण्यास, की भिंतीवर लावण्यास? की परक्याच्या हाती आपला चेहरा जाण्यास? शेवटची शंका धर्माची नसून मानाची आहे आणि ती कोणत्याही धर्माच्या स्त्रीला येऊ शकते.

यावर असे म्हटले जाईल की, नकाराचा असा आदर केल्यास दस्तऐवजीकरण अपुरे राहील. ते काही अंशी खरे आहे. तथापि गीताचा पाठ, उच्चार, चाल, ते म्हणण्याचा प्रसंग या गोष्टी चेहऱ्याविना नोंदविता येतात. नकाराचे मूळ शब्द नोंदविले, तर तोही एक दस्तऐवज ठरतो. याउलट, नकाराचे उदात्तीकरण करणेही तितकेच घातक होय. कित्येकदा स्त्रीच्या नावाने घरातील पुरुष नकार देतात, आणि आजीचे एकही छायाचित्र नसल्याची खंत नातीला आयुष्यभर राहते. तिच्या दृष्टीने ही हानी खरीच आहे. म्हणून उत्तर ज्या व्यक्तीचा चेहरा आहे तिच्याकडूनच घ्यावे आणि ते साऱ्या समाजाचे मत म्हणून मांडू नये.

1990 मध्ये सोलापूर येथे पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून ‘मराठी साहित्यातील मुस्लिम प्रतिमा’ हा चर्चेचा विषय वारंवार झाला आहे. या शीर्षकातील ‘प्रतिमा’ हा शब्द वापरताना, ती घडविण्याचा अधिकार कोणाचा, हा धर्मशास्त्राने विचारलेला प्रश्न समीक्षेनेही स्वतःस विचारावा. दुसऱ्याची आकृती करणाऱ्याने तिच्यात प्राण फुंकून दाखवावा, ही अपेक्षा चित्रकाराइतकीच संशोधकालाही लागू पडते.