मापाचे शब्द

वाण्याने मापात पाप केले तर गिऱ्हाईक त्याला जाब विचारते. परंतु मापाचे नावच खोटे झाले तर जाब विचारावयाचा कोणाला? मोटारीत बसवावयाच्या ध्वनियंत्रांच्या व्यापारात हा प्रकार राजरोस चालू आहे, आणि धार-देवासचा आमचा मराठी ग्राहकही त्यातून सुटलेला नाही.

खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे ठळक छापलेले असते. हा आकडा येतो कोठून? इंजिन चालू असता गाडीतील विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. तेवढ्या दाबावर ४ ओहमांच्या स्पीकरला साधे यंत्र शुद्ध स्वरात फार तर २६ वॅट शक्ती देऊ शकते. पन्नाशी गाठावयाची तर स्वरलहरीचा माथा छाटून ती चौकोनी करावी लागते. म्हणजे गाणे जेथे गाणेच उरत नाही, तेथला आकडा गाण्याच्या नावावर विकला जातो.

सावध दुकानदार 'आरएमएस वॅट' म्हणतो. हेतू चांगला, शब्द चुकीचा! वर्गांच्या सरासरीचे मूळ काढावयाचे ते दाबाचे आणि प्रवाहाचे. त्यांच्या गुणाकाराने मिळते ती सरासरी शक्ती. शक्तीचेच तसे मूळ काढू गेल्यास १०० वॅटांचे सुमारे १२२ होतात. म्हणून 'अखंड सरासरी शक्ती' हाच बिनचूक शब्द होय. अमेरिकेत २००३ साली निघालेल्या 'सीईए-२००६' या मानकाने मोटारीतील अँप्लिफायरची शक्ती १४.४ व्होल्ट दाब, ४ ओहमांचा भार आणि १ टक्क्याच्या आतली विकृती या अटींवरच सांगावी, असे ठरविले. अटींवाचून वॅट म्हणजे तारखेवाचून हुंडी.

कोणी म्हणेल, लोकांना कळल्याशी काम. शब्दांचा कीस कशाला? आमचा प्रश्न असा की, कळते तरी काय? शक्ती दुप्पट केली तरी ध्वनीची पातळी अवघी ३ डेसिबलांनी वाढते. हे न जाणणारा दुप्पट आवाजाच्या आशेने दाम मोजतो. रोध आणि संरोध यांतला भेद न जाणणारा, मीटरवर ४ ओहमांऐवजी साडेतीन दिसले की चांगला स्पीकर सदोष ठरवितो. ४ ओहमांचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहमांचा होतो. हे न जाणणारा अँप्लिफायर जाळून बसतो. शब्दाची चूक अशी खिशाला भोवते.

आणि ही ढिलाई कोठे? भोजराजाच्या धारेत! व्याकरणावर 'सरस्वतीकंठाभरण' आणि यंत्रांचा स्वतंत्र अध्याय असलेला 'समरांगणसूत्रधार' हे दोन्ही ग्रंथ त्याच्याच नावावर आहेत. त्याच धार जिल्ह्यात पीथमपूरला वाहनांच्या परीक्षेसाठी ११.३ किलोमीटरांचा वेगमार्ग २०२१ साली खुला झाला. तेथे गाडीचा वेग काटेकोर मोजावा आणि तिच्यातल्या आवाजाचे माप मात्र अंदाजपंचे असावे, हे कसे शोभेल? देवासात तर कुमार गंधर्व १९९२ साली निधन होईपर्यंत चार दशकांहून अधिक काळ राहिले. कोमल गंधाराला शुद्ध म्हटलेले त्या गावात कोणी खपवून घेईल काय?

आम्हांस संस्कृत प्रतिशब्दांचा हट्ट नाही. वॅट, ओहम, डेसिबल मराठीत आणि कोंकणीत खुशाल नांदोत. मात्र आपापल्या अर्थाने नांदोत. ग्राहकाने दुकानात तीनच प्रश्न विचारावेत: किती दाबावर, किती ओहमांस, किती विकृतीसह? उत्तर मिळाले नाही, तर त्या आकड्यासाठी पैसा मोजू नये.